दोन विरुद्ध दोन

मी मॉन्डोच्या बाजूची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता मध्येच तुम्ही म्हणायला नको, "बाई एकाच बाजूनं बोलतायत!" बोलणारच आहे मी. पण दुसरी बाजूही सांगणार आहे. कारण ती दुसरी बाजू दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते, आणि आपलं म्हणणं मावशीनं गाळलं असं तिला कळलं, तर माझी काही खैर नाही!

भांडण कशाचं? तर कपड्यांच्या एका स्पर्धेचं. 'प्रोजेक्ट रनवे' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाच्या आठव्या पर्वाची अंतिम फेरी तिकडे २८ ऑक्टोबर २०१० ला दाखवली गेली. परीक्षक चार. दोघं म्हणाले मॉन्डो, दोघं म्हणाले ग्रेचेन. कोणी मागे हटेना. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत असं झालं, तर मुख्याध्यापक बक्षीस विभागून देतात आणि सगळे चहा प्यायला जातात. इथे विभागून द्यायची सोय नव्हती. बक्षीस १ लाख डॉलरचं, म्हणजे त्या वेळच्या दरानं ४४-४५ लाख रुपये, आणि नाव एकाचंच लागणार.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलाच नाही, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. डिसेंबर २००४ मध्ये तो सुरू झाला. हायडी क्लूम ही जर्मनीत जन्मलेली नामवंत मॉडेल सूत्रं सांभाळायची आणि परीक्षकही असायची. दर भागात एक नवं काम. हातात एक-दोन दिवस आणि मोजके पैसे. न्यूयॉर्कच्या 'मूड' नावाच्या भल्यामोठ्या कापडदुकानात पळत जायचं, घड्याळाकडे बघत कापड उचलायचं, कामाच्या खोलीत येऊन ते बेतायचं, शिवायचं, मॉडेलच्या अंगावर चढवायचं आणि परीक्षकांपुढे छातीत धडधड घेऊन उभं राहायचं. त्या दिवशी एक जण जिंकतो, एक जण सामान बांधतो. अगदी पहिल्याच भागात तर कापडदुकानात नेलंच नाही, नेलं किराणा-भाजीच्या दुकानात! इथे मिळेल त्यातून पोशाख करा म्हणाले. ऑस्टिन स्कार्लेट नावाच्या पोरानं मक्याच्या कणसांवरची हिरवी पानं सोलली, त्यांचा झगा केला आणि ती फेरी जिंकली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि टिम गन. रुपेरी केस, कडक इस्त्रीचा सूट. न्यूयॉर्कच्या पार्सन्स या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत तो फॅशन विभागाचा प्रमुख होता. स्पर्धकांच्या टेबलांमधून हा माणूस फिरायचा, हनुवटीला हात लावून बघत राहायचा, आणि मग असा एखादा प्रश्न विचारायचा की समोरचा पुन्हा कात्री उचलायचा. 'आहे त्यात जमवा' हे त्याचं पालुपद. पण आठव्या पर्वात निकाल लावायचा अधिकार त्याला नव्हता. हेही लक्षात असू द्या.

आता अंतिम फेरी. ती बाकीच्या फेऱ्यांसारखी नसते. स्पर्धकांना घरी पाठवतात. सुरुवातीच्या पर्वांत ८ हजार डॉलर देऊन बारा पोशाख करायला सांगायचे. आठव्या पर्वात ९ हजार डॉलर आणि दहा पोशाख. काही आठवड्यांनी न्यूयॉर्कला परत यायचं आणि फॅशन वीक नावाच्या, जगभरच्या कापडवाल्यांचं लक्ष असलेल्या मेळ्यात ते रॅम्पवर दाखवायचे. पैसे खूप वाटतात ना? पण त्यात कापड, अस्तर, बटणं, चेन, बूट, दागिने सगळं बसवायचं. शिवाय दहा पोशाख म्हणजे दहा सुटे कपडे असून चालत नाही. सख्ख्या भावंडांसारखं व्हायला हवं, प्रत्येकाचं नाक वेगळं, पण एका घरातली आहेत हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं. एकच फार देखणं आणि बाकी नऊ त्याच्या मागे लपलेले, असं झालं की परीक्षक तिथेच पकडतात.

मधल्या काळात टिम गन प्रत्येकाच्या घरी जाऊन यायचा. मला हे भाग सगळ्यांत आवडतात. तोवर ज्यांना आपण फक्त स्पर्धक म्हणून बघत असतो, त्यांची आई दिसते, स्वयंपाकघर दिसतं, शिवणयंत्र कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय ते दिसतं.

आठव्या पर्वात घरी गेले चौघे. डेन्व्हरचा मॉन्डो गेरा, पोर्टलंडची ग्रेचेन जोन्स, कॅलिफोर्नियाचा मायकल कोस्टेलो, आणि हवाईची आरी साऊथ, जी तेव्हा अँडी साऊथ या नावानं स्पर्धेत होती. आरीचे कपडे नेटके होते. पण ती शेवटी तिसरी आली आणि भांडणात तिचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून मीही पुढे जाते.

मॉन्डोबद्दल सांगायचं, तर त्या अधिकच्या चिन्हांपासून सुरुवात करायला हवी. अंतिम फेरीच्या काही भाग आधी एक काम होतं. स्वतःच्या आयुष्यातलं काही घेऊन कापडावरची नक्षी स्वतः काढायची, ती कापडावर छापून मिळणार आणि त्याचा पोशाख शिवायचा. त्याच भागात स्पर्धकांच्या घरची माणसं भेटायला आली होती. मॉन्डोची आई आली होती. मॉन्डोनं नक्षी काढली ती मोठमोठ्या अधिकच्या चिन्हांची. गणिताच्या वहीत असतात तशी, पण झगझगीत रंगांत. त्याची पँट शिवली. छान झाली होती. परीक्षकांनी विचारलं, या नक्षीमागे काय आहे? त्यानं आधी काहीतरी वरवरचं सांगितलं. नीना गार्सिया ही परीक्षक तेवढ्यावर थांबली नाही. तेव्हा तो बोलला. दहा वर्षांपासून आपण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहोत, आणि ते आपण लपवून ठेवलं आहे. अधिकचं चिन्ह त्याचं होतं.

तुम्हांला विज्ञानाच्या पुस्तकात एचआयव्ही शिकवतात. तो कसा होतो, कसा होत नाही, हे पाठ असतं. शेजारी बसल्यानं होत नाही, हात मिळवल्यानं होत नाही. आणि औषधं वेळेवर घेणारा माणूस पुष्कळ वर्षं चांगलं जगतो. हे सगळं माहीत असूनही दहा वर्षं गप्प बसावं लागतं, कारण त्या आजारापेक्षा लोकांच्या तोंडाची भीती मोठी. आणि हा मुलगा सगळ्या जगासमोर, कॅमेऱ्यापुढे, पँटच्या कापडावरून ते सांगतो. ती फेरी त्यानं जिंकली. त्याआधीच्या दोन्हीही त्यानंच जिंकल्या होत्या. ओळीनं तीन!

म्हणजे अंतिम फेरीला तो आला, तेव्हा बघणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात निकाल लागून गेला होता. आणि इथेच माझी भाची मला अडवते. "मावशी, तू माणसाला मार्क देतेयस. कपड्यांना दे ना!"

बरोबर आहे तिचं. मग ग्रेचेनचंही सरळ सांगायला हवं. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिनं जिंकल्या होत्या. हात पक्का, नजर पक्की, आणि जीभही पक्की. एका सांघिक फेरीत तिचा गट हरला. परीक्षकांपुढे तिनं गटातल्या इतरांचे दोष काढले आणि कामाच्या खोलीत परत आल्यावर टिम गननं सगळ्या गटाला झापलं, तिचा वरचष्मा तुम्ही चालवून का घेतलात म्हणून. त्यानंतर प्रेक्षकांना ती नकोशी झाली. टीव्हीवर हे फार चटकन होतं. दिवसदिवसभराचं चित्रण कापून तासाभराचा भाग करतात, त्यात कुणाची कुठली दोन वाक्यं ठेवायची ते दुसराच कुणीतरी ठरवतो. मला ती आवडत नव्हती. पण तिचा शिवणाचा हात मला आवडत होता, हे मी भाचीजवळ बऱ्याच आधी कबूल केलंय.

न्यूयॉर्कला परत आल्यावर चौघांना कळलं, आणखी एक पोशाख करायचाय. ही खोडी जुनीच. २००६ साली संपलेल्या दुसऱ्या पर्वातही बारा पोशाख घेऊन आलेल्यांना तेरावा करायला लावला होता. विचार करा. महिनाभर राबून तुम्ही प्रकल्पाची वही पूर्ण केलीत, कव्हर घातलंत, नाव घातलंत, आणि बाई म्हणतात, "अजून एक धडा जोडा, परवा द्या!" तो नवा पोशाख आणि आधीच्यांतले दोन, असे तीन परीक्षकांना दाखवायचे. चौघांतून एकाला तिथूनच परत जायचं होतं.

गेला मायकल कोस्टेलो. त्याच्याबद्दल सबंध पर्वभर इतरांची कुजबुज होती, की याला नीट शिवता येत नाही. तो जिंकला तेव्हाही कुजबुज थांबली नव्हती. त्या दिवशी तो लहान मुलासारखा ढसाढसा रडला. बाहेर त्याचे दहा पोशाख टांगलेले होते, पूर्ण झालेले. मला त्या निकालापेक्षा तो भाग बघणं जड गेलं.

सप्टेंबर २०१० मध्ये फॅशन वीकला रॅम्पवर उरलेल्या तिघांचे कपडे आले. त्या वर्षी हा मेळा ब्रायंट पार्कमधले तंबू सोडून लिंकन सेंटरला गेला होता. कपडे होते पुढच्या वर्षीच्या वसंत-उन्हाळ्यासाठी, कारण फॅशनवाले नेहमी सहा महिने पुढे जगतात. मॉन्डोचा रंगांचा नुसता धडाका. मेक्सिकोत पितरांचा सण असतो, त्यात कवट्यासुद्धा रंगवून, फुलं लावून सजवतात. तो सण आणि सर्कस यांचं मिश्रण त्यानं केलं होतं. ठिपके, चौकटी, जांभळे-निळे रंग, आणि मध्ये एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा फुगीर झगा. ग्रेचेनचे कपडे मातीच्या रंगांचे, विटकरी, तपकिरी, काळे, सैलसर, अंगावरून ओघळणारे. आरडाओरडा नाही.

दहावीनंतरच्या सुट्टीत मी शिवणाचा क्लास केला होता. झबलं, परकर, सहा कळ्यांचा पेटीकोट, ब्लाऊज, अशा क्रमानं. त्यामुळे असले कार्यक्रम बघताना माझे डोळे आपोआप जोडांवर जातात. ठिपक्यांचं कापड शिवायला घ्या म्हणजे कळेल. जोडावर अर्धा ठिपका इकडे, अर्धा तिकडे, दोन्ही मिळून गोल झाला नाही, तर तो वाकडा ठिपका लांबूनही ओरडून सांगतो, मी इथे चुकलोय! म्हणून तसं कापड जास्त लागतं आणि बेतायला दुप्पट वेळ जातो. पण सैल, लोंबतं कापडही काही गरीब गाय नसतं. उरेब, म्हणजे तिरपं बेतलं, की शिवून झाल्यावर ते आपल्याच वजनानं खाली उतरतं, कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. ते रात्रभर टांगून ठेवायचं, सकाळी खालचा घेर पुन्हा मापायचा आणि मगच दुमडायचा. घाई केलीत, की घेर वाकडा झालाच समजा. तेव्हा शिवणावरून दोघांत उजवं-डावं करायला गेलात, तर हाती फारसं काही लागत नाही.

मग परीक्षक कशावरून भांडत होते? मला वाटतं, चौघांच्या हातांत टेप चार वेगळ्या होत्या. मायकल कोर्स स्वतः डिझायनर, त्याच्या नावाची दुकानं. नीना गार्सिया तेव्हा 'मारी क्लेअर' या मासिकात फॅशनची प्रमुख. ही दोघं ग्रेचेनच्या बाजूची. त्यांच्या मते कपडे कुठल्या दिशेनं चाललेत ते ग्रेचेनला कळलं होतं, आणि मॉन्डोचं काम नाटकी, सजावटीकडे झुकणारं होतं. हायडी क्लूम आणि पाहुणी परीक्षक, गायिका जेसिका सिम्पसन, या दोघी मॉन्डोच्या. त्यांना ते कपडे आत्ताच्या आत्ता अंगावर हवे होते. दोघांची नजर सहा महिन्यांनंतरच्या दुकानावर, दोघींची समोरच्या आरशावर.

बराच वेळ वाद चालला. शेवटी हायडी आणि जेसिका हटल्या. ग्रेचेन जिंकली. टिम गनला हा निकाल पटला नव्हता, हे त्यानं पुढे उघडपणे सांगितलं. पण त्याला मत नव्हतं, हे मघाशी सांगितलंच.

हा भाग मी आणि भाचीनं पहिल्यांदा एकत्र पाहिला, तेव्हा निकालावर मी "अरे, काय हे!" म्हणून ओरडले आणि तिनं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवतेस?"

"मावशी, खरं सांग. तो ठिपक्यांचा फुगा घालून तू लोकलमध्ये चढशील?"

"मी नाही चढणार. पण कुणी चढली, तर पुस्तक मिटून तिच्याकडे बघत बसेन."

"बघशील! विकत घेशील का?"

"..."

"मग? दुकान किती दिवस चालणार त्याचं?"

माझी भाची आता बारावीत आहे. डिझाइनच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. तिच्यासाठी हा वाद नुसता टीव्हीवरचा नाही. तिची एक चित्रांची फाइल आहे, मुलाखतीला न्यायची. पुढच्या पानांवर नीटस कुर्ते, शर्ट, शाळेचे गणवेश, सगळं पोस्टकार्डासारखं स्वच्छ. एकदा ती हात धुवायला गेली असताना फाइलच्या मागच्या कप्प्यातून काही सुटी पानं घसरली. त्यांवर काय असावं? गोंधळी लोकांचे झगे असतात ना, तसे घेरदार अंगरखे, कवड्यांच्या माळांसकट, आणि रंग असे की डोळे दिपावेत. ती आली, पानं गोळा केली, म्हणाली, "ही नाही न्यायची. क्लासमध्ये सांगितलंय, परीक्षकांना घालण्यासारखं काहीतरी दाखवा."

मी म्हटलं, "आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मला प्रवेश मिळायला हवा."

यावर काय बोलणार? फाइल तिची, मुलाखत तिची, आणि जागा थोड्या. ग्रेचेनच्या बाजूनं एवढ्या तावातावानं भांडणारी मुलगी मागच्या कप्प्यात मॉन्डोसारखी पानं ठेवते, याचं मला हसू आलं आणि थोडं पोटात तुटलंही. मी तिला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

आता त्या कार्यक्रमातली एक गोष्ट सांगते, जी टीव्हीवर फारशी दिसत नाही. फॅशन वीक होतो तेव्हा बऱ्याचदा कार्यक्रमाचे शेवटचे भाग दाखवायचे बाकी असतात. रॅम्पवर फक्त अंतिम फेरीतलेच लोक आले, तर बाकीचे बाद झाले हे उघडच होणार! म्हणून बाद झालेल्या एखाद्यालाही कलेक्शन करायला लावतात. तो ते करतो, रॅम्पवर पाठवतो, टाळ्या घेतो. बक्षिसासाठी त्याचं कुणी बघतच नाही. पहिल्या पर्वात कणसाच्या पानांचा तो ऑस्टिन चौथा आला होता, त्यानं असं कलेक्शन केलं. दुसऱ्या पर्वात कारा जान्क्स हिनं. विचार केला की मला गंमतही वाटते आणि गलबलतंही. महिनोन् महिने मेहनत, कशासाठी? गुपित फुटू नये म्हणून! पण त्यांनी ती टाळाटाळ करत केली नाही. फॅशन वीकचा रॅम्प पुन्हा मिळेल न मिळेल.

२००९ मध्ये तर याहून विचित्र झालं. कार्यक्रम कुठल्या वाहिनीवर दाखवायचा यावरून खटला चालू होता, त्यामुळे सहावं पर्व अडकून पडलेलं. पण फॅशन वीक काही कुणासाठी थांबत नाही. फेब्रुवारीत तिघींचे कपडे रॅम्पवर आले ते बिननावाचे. कुठले कुणाचे ते सांगायचं नाही. कपडे संपल्यावर डिझायनर बाहेर येऊन हात हलवतो, तेही नाही. टाळ्या पडतायत आणि तुम्ही आतल्या आत 'ते माझे आहेत, माझे!' म्हणताय. इरिना शाबायेवा जिंकली हे लोकांना कळलं थेट नोव्हेंबरमध्ये.

आणि पहिल्याच पर्वाचा विजेता जे मॅकॅरॉल? त्यानं १ लाख डॉलर घेतलेच नाहीत! करारात अट होती, की त्याच्या पुढच्या कमाईत कार्यक्रमवाल्यांना दहा टक्के वाटा द्यायचा. त्यानं हिशेब केला आणि नको म्हणाला. भाचीला हा माणूस फार आवडतो. मलाही. एवढ्या एका बाबतीत आमच्या घरात एकमत आहे.

मॉन्डोचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०१२ मध्ये जुन्या पर्वांतल्या गाजलेल्या स्पर्धकांना पुन्हा बोलावून एक वेगळी स्पर्धा झाली, 'प्रोजेक्ट रनवे ऑल स्टार्स'. अंतिम फेरीत तिघे उरले. एक मॉन्डो. दुसरा मायकल कोस्टेलो, शिवता येत नाही म्हणून ज्याच्याबद्दल कुजबुजायचे तो. आणि तिसरा कोण, ओळखा बघू? ऑस्टिन स्कार्लेट! मायकल तिसरा आला, ऑस्टिन दुसरा, आणि मॉन्डो जिंकला.

मायकल तिसरा आला म्हणून तुम्ही हळहळू नका. २०१४ च्या जानेवारीत ग्रॅमी पुरस्कारांच्या समारंभाला बियॉन्से आली, ती पांढऱ्या लेसच्या लांब झग्यात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याच झग्याचे फोटो. तो मायकलचा होता. मी फोटो मोठा करून बघितला. लेसच्या कापडात फुलं-पानं असतात, ती जोडावर जुळवणं ठिपक्यांपेक्षाही अवघड. जोड कुठे आहे, ते मला काही केल्या सापडलं नाही.